उलाळ बंडी आणि शेपटीचं चाक

या संवादातल्या मामा-भाच्याला बोथमध्ये शोधायला जाऊ नका. त्यांना मी कागदावर उभं केलं आहे. माती मात्र खरी आहे, विमानं खरी आहेत, आणि ज्या गोष्टीवरून दोघांचं वाजलं ती गोष्ट घरी विमान बांधायला घेणाऱ्या अनेकांच्या पुढ्यात येतेच. शेपटीखाली कोणतं चाक लावायचं?

विमान म्हटलं की लोक पंख बघतात, इंजिन कोणतं ते विचारतात. शेपटीखालच्या वीतभर चाकाकडे कुणी ढुंकून बघत नाही. विमान धावपट्टीवर गिरकी खाऊन आडवं पडलं, की मग सगळे तिथेच वाकून बघतात.

बोथ हे नागपूर–हैदराबाद हमरस्त्यापासून थोडं आत. जिल्हा आदिलाबाद, राज्य तेलंगणा, पण किनवट जवळ, त्यामुळे कचेरीत तेलुगू आणि घरात मराठी असा अनेकांचा संसार. नोव्हेंबरचे दिवस, कापसाच्या ट्रॉल्या रस्त्याने जाताहेत. मामा हवाई दलात एअरफ्रेम फिटर होता, नोकरीची बरीच वर्षं बिदरला काढली. आता वर्कशॉप टाकून ट्रॉल्यांचे आख सरळ करतो, कमानपाटे बदलतो. भाचा हैदराबादला मेकॅनिकल इंजिनिअर. त्याने दोन माणसांच्या हलक्या विमानाचे नकाशे विकत घेतले आणि मामाच्या शेडमागे काम सुरू केलं. दोन वर्षांत शेपटी आणि तिच्यावरचं सुकाणू एवढंच झालंय. शेपटी झाली, म्हणून आता तिच्या चाकाचा प्रश्न.

भाचा: मामा, ठरलं. सहा इंची चाक, भरीव रबराचं. गोल मोकळं फिरणारं आणि वर कुलूप. उडताना-उतरताना कुलूप लावायचं म्हणजे चाक नाकासमोर सरळ राहील. शेडकडे वळताना कुलूप काढायचं. मग डाव्या-उजव्या ब्रेकने हवं तिकडे वळवता येतं. साखळ्या नकोत, स्प्रिंगा नकोत. हलकं आणि सुटसुटीत.

मामा: अन् कुलूप लावायचं विसरलास तर?

भाचा: उतरण्याआधी वाचायची यादी असते, तिच्यात एक ओळ वाढेल. डाकोटा विमानाला तेच होतं की. नागपूरची रात्रीची टपालसेवा आठवा. १९४९ मध्ये सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही दिशांनी विमानं मध्यरात्री नागपूरला यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. त्यात डाकोटाच जास्त. रोज अंधारात उतरायचे ते लोक. शेपटीच्या चाकाचं कुलूप हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होता.

मामा: डाकोटात दोन वैमानिक बसत. एक विसरला तर दुसरा आठवण द्यायला होता. तुझ्या शेजारी कोण बसणार? मी? मला तर तुझी मामी बसू देणार नाही.

भाचा: बरं, मग मस्टँगसारखं करू. अमेरिकेचं लढाऊ विमान. त्यात कुलपाची वेगळी दांडीच नव्हती. वैमानिकाच्या हातातली काठी मागे ओढून धरली की चाक आपोआप अडकायचं, सुकाणूबरोबर थोडंच इकडेतिकडे फिरायचं. काठी पुढे ढकलली की मोकळं. उतरताना काठी तशीही मागेच ओढलेली असते. विसरायला जागाच नाही.

मामा: हे बरं आहे. पण ते एका कारखान्याने हजारोंनी बांधलेलं विमान होतं. तुला तेवढ्यासाठी काठीपासून शेपटीपर्यंत तार न्यावी लागेल, तिच्या पुल्या, तिचे ताण, सगळं एकट्याने. दोन वर्षांत एक सुकाणू झालंय तुझं.

(हा टोला भाच्याला लागला. मामाला तो लागावा असंच वाटत होतं. खरं सांगायचं तर घरी बांधलेली विमानं अर्धवट राहतात ती अशा एकेक वाढीव तारेपायीच. जगभर शेडांमध्ये आणि गॅरेजांमध्ये अर्धी विमानं पडून असतात, आणि त्यांच्या मालकांना सगळं कळत असतं.)

मामा: आधी हे सांग, बंडी उलाळ कधी होते?

भाचा: मागे ओझं जास्त झालं की.

मामा: म्हणजे आखाच्या मागे वजन गेलं की. जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याला फास बसतो. म्हणून बंडी भरताना आपण ती जराशी धुरजड ठेवतो. आता तुझं विमान बघ. पुढची दोन चाकं म्हणजे आख. वजनाचा मध्य त्यांच्या मागे. म्हणून तर शेपूट खाली टेकते. ही जन्माची उलाळ बंडी आहे. उभी असताना काही बिघडत नाही. धावायला लागली की बिघडतं.

भाचा: ग्राउंड लूप.

मामा: तुम्ही काही म्हणा. कापसाची ट्रॉली पुढे ओढली तर मुकाट मागून येते. तीच रिव्हर्स घे. जरा तिरपी झाली की आणखी तिरपी होते, मग आणखी, आणि ड्रायव्हरने वेळेत स्टिअरिंग फिरवलं नाही तर ट्रॉली ट्रॅक्टरला येऊन भिडते. तुझं विमान सगळा वेळ रिव्हर्समध्येच धावतं असं समज. वजनाचा मध्य चाकांना मागून ढकलतोय. नाक जरा डावीकडे गेलं की शेपूट उजवीकडून पुढे यायला बघते. तिला पहिल्या क्षणात धरलीस तर धरलीस. नाहीतर विमान गिरकी घेतं, बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासतो, पाय दुमडतो. आणि हे वेग कमी होतानाच होतं, कारण तेव्हा सुकाणूवरून वारा पुरेसा जात नाही. हवेत सुकाणू राजा आहे. जमिनीवर वेग उतरत गेला की त्याचं राज्य संपतं आणि शेपटीच्या चाकाचं सुरू होतं. मधल्या चार-पाच सेकंदांत दोघांपैकी कुणाचंच धड चालत नाही.

भाचा: म्हणूनच म्हणतो, तेव्हा चाक कुलपात हवं. सरळ चाक, सरळ विमान.

मामा: सरळ चाक विमानाला सरळ ठेवायला मदत करतं, हाव. पण विमान आधीच तिरपं झालं असेल तर तेच चाक त्याला नव्या तिरप्या दिशेने सरळ ठेवतं. तुला दुरुस्त करायला काय उरलं? ब्रेक. आणि घाबरलेल्या माणसाचा ब्रेकवरचा पाय कसा पडतो ते मी पाहिलंय.

इथे नाकाखालच्या चाकाचा विषय निघणं साहजिक होतं, आणि तो निघालाच. भाच्याच्या नकाशात तोही पर्याय आहे. नाकाखाली चाक असलं की वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या पुढे येतो, बंडी धुरजड होते, गिरकीची भीती जवळपास जाते. मामाने हा बदल डोळ्यांसमोर पाहिला होता. बिदरच्या शिकाऊ वैमानिकांकडे आधी एचटी-टू होतं, शेपटीला चाक असलेलं. १९८०च्या दशकात एचपीटी-३२ आलं, नाकाला चाक असलेलं. ‘पोरं सुखी झाली, आमचा पंख दुरुस्तीचा धंदा बसला,’ असं मामा म्हणतो. पण भाच्याला नाकाखालचं चाक नको आहे. नांगरट झालेल्या कडेला किंवा एखाद्या खड्ड्यात ते अडकलं तर नाकाचा पाय मोडतो आणि पंखा जमिनीत रुततो. शिवाय पंखा जमिनीपासून जितका उंच तितका धसकटांपासून लांब. यावर दोघांचं एकमत आहे, त्यामुळे इथे फार रेंगाळत नाही.

भाचा: मामा, एचटी-टू कुणाचं ठाऊक आहे ना? घाटग्यांचं.

मामा: मला सांगतोस? आम्ही त्याचे नट मोजले आहेत.

विष्णू माधव घाटगे हे नाव मराठी घरांत जितकं ऐकू यायला हवं तितकं येत नाही. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. हवेच्या प्रवाहाचं आधुनिक शास्त्र ज्यांनी घडवलं त्यांत प्रांट्ल यांचं नाव अगदी वर. घाटगे परत आले, बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये गेले, आणि १९५१ मध्ये त्यांच्या हाताखाली आखलेलं एचटी-टू उडालं. पुढे १९५८ मध्ये पुष्पक आलं, दोन आसनांचं, कापड मढवलेलं, फ्लाइंग क्लबांसाठीचं. देशातल्या एका अख्ख्या पिढीने उडणं पुष्पकवर शिकून घेतलं. दोन्हींच्या शेपटीला चाक. प्रांट्लच्या शिष्याला नाकाखाली चाक लावता येत नव्हतं असं नाही. तेव्हाची मैदानं तशी होती.

भाचा: मग घाटग्यांचाच दाखला मला लागू. कमीत कमी भाग. स्पिटफायरचं चाक तर नुसतं मोकळं फिरणारं होतं, वळवायची सोय ब्रेकने. आपल्याही हवाई दलाने स्पिटफायर वापरलं.

मामा: स्पिटफायर उडवणाऱ्या पोरांना आधी महिनोन्‌महिने दुसऱ्या विमानांवर घासून घेत होते. तू आतापर्यंत किती तास उडालास?

भाचा: ...छत्तीस.

मामा: नाकाला चाक असलेल्यावर.

भाचा: हो.

मामा: म्हणजे तुझ्या पायांना अजून काही ठाऊकच नाही. तुझ्या पायांना समजेल असं चाक घे. साखळी आणि स्प्रिंगचं. सुकाणूच्या दोन कानांपासून चाकाच्या दोन कानांपर्यंत दोन साखळ्या, प्रत्येकीत एक स्प्रिंग. उजवं पेडल दाबलं की हवेतही उजवीकडे, जमिनीवरही उजवीकडे. डोक्याला वेगळं काही सांगावं लागत नाही. आणि जागच्या जागी वळायचं असेल तर एका बाजूचा ब्रेक दाबून ठेव. ठरावीक कोनापलीकडे गेलं की आतली खिट्टी सुटते आणि चाक मोकळं फिरतं. पुन्हा सरळ चाललास की खिट्टी आपोआप बसते. तुझं कुलूप तुला लावावं लागतं, हे स्वतः लागतं.

भाचा: आणि तीच खिट्टी झिजली की? भर वेगात सुटली की? तुमचं चाक अचानक मोकळं होतं, आणि वैमानिकाला वाटतंय की ते अजून त्याच्या पायाखाली आहे. माझ्या कुलपाचं मला कळतं तरी, दांडी पुढे आहे की मागे ते दिसतं. तुमची खिट्टी पोटात आहे, ग्रीस आणि धुळीत. आपल्या काळ्या मातीची धूळ ग्रीसमध्ये गेली की ग्रीस राहतं का? पॉलिशचा कागद होतो त्याचा.

मामा (थोडं थांबून): हे खरं आहे.

भाचा: म्हणजे?

मामा: म्हणजे दर पंचवीस तासांनी उघडायचं, धुवायचं, नवं ग्रीस भरायचं. चाकाच्या बाजूने एवढंच म्हणतो मी की ते उघडून बघता येतं. तुझा विसराळूपणा उघडून बघता येत नाही.

(इथे मला स्वतःला भाच्याचं जास्त पटलं. पोटात दडलेला झिजणारा भाग हा दिसणाऱ्या दांडीपेक्षा वाईट. पण भाच्याने हा मुद्दा जिंकून पुढे नेला नाही. तो दुसऱ्याच वाटेला गेला.)

भाचा: मग साखळ्या तरी कशाला? सरळ लोखंडी दांड्याने सुकाणूला जोडून टाकू. अमेरिकेतल्या सोनेक्स विमानाचं तसंच आहे. घरी बांधणाऱ्यांत ते लोकप्रिय आहे. सुकाणू जितकं फिरेल तितकंच चाक फिरेल. खिट्टी नाही, साखळी नाही, झिजायला काही नाही.

मामा: वारा आडवा असला तर? आडव्या वाऱ्यात उतरताना नाक सरळ ठेवायला तू सुकाणू एका बाजूला दाबून धरलेलं असतं. म्हणजे चाकही तितकंच वाकडं. तसंच ते जमिनीला टेकलं की विमान त्या बाजूला झटका खाणार. स्प्रिंग असली की ती झटका गिळते. चाक आपल्या मनाने जरा सरळ होतं, मग हळूहळू पेडलचं ऐकतं. साखळी फार ताणायची नाही, लोंबकळूही द्यायची नाही. आणि दांडा घट्ट बसवला की शेडमध्ये विमान मागे ढकलताना शेपूट उचलूनच वळवावी लागणार. किती भार येईल शेपटीवर?

भाच्याकडे याचा हिशेब तयार होता. त्याला हिशेब आवडतात. दोन माणसं आणि पेट्रोल धरून विमान चारशे किलो. वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या तीस सेंटिमीटर मागे. शेपटीचं चाक मुख्य चाकांपासून चार मीटर तीस सेंटिमीटरवर. चारशेला तीसने गुणा आणि चारशे तीसने भागा, अठ्ठावीस किलो येतात. रिकामं असताना त्याहून कमी. सोयाबीनच्या अर्ध्या पोत्याचा भार.

मामा: एवढ्याशा भाराला भरीव रबर? सहा इंची? बाप्पा, हे चाक नाही, नांगराचा फाळ आहे. कुठून उडणार तू?

भाचा: आधी आपल्या बरडावर नुसतं धावून बघणार. उडायचं ते परवानगी मिळेल त्या धावपट्टीवरून. आदिलाबादचं निजामाच्या काळातलं मैदान हवाई दलाचं आहे, तिथे माझ्यासारख्याला कोण उभं करणार.

मामा: म्हणजे पहिली शंभर धावणी मुरमावर, आणि मुरमाच्या दोन्ही कडांना काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, हात जाईल एवढ्या. पावसाळ्यात चिखल असा की बूट सोडून पाय बाहेर येतो. भरीव सहा इंची चाक भेगेत गेलं की भेगेच्याच दिशेने जाणार. तू पेडल मार नाहीतर डोकं आपट. आठ इंची हवेचं चाक भेगेवरून उडी मारून जातं. स्कॉट कंपनीचं बत्तीसशे नंबरचं चाक जगभर नदीकाठच्या वाळवंटात, गवतात, दगडगोट्यांत चालतं ते काही उगाच नाही.

भाचा: आणि बाभळीचे काटे? सराटे? पऱ्हाटीचे खुंट? आपल्या सायकलींना आठवड्याला एक पंक्चर होतं. तुमचं हवेचं चाक बरडावर उभं राहिलं की रात्रीतून बसणार. बसलेल्या चाकाने विमान एका बाजूला ओढतं, आणि वेगात असेल तर रबर रिमवरून निघतं. भरीव रबराला सराटा टोचून टोचून किती टोचणार?

मामा: ...

भाचा: बोला की.

मामा: विचार करतोय.

या गप्प बसण्याचा फायदा घेऊन एक सांगून टाकतो. जमीन कशी आहे त्यावर विमानाचं नशीब ठरतं, आणि ते भल्याभल्यांचं ठरलं आहे. १९३२ च्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमानाने जुहूला उतरले, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. जुहूचं ते मैदान चिखलाचं होतं, पावसाळ्यात पाण्याखाली जाई, आणि मग टाटांच्या टपालाच्या विमानांना पुण्याला बिऱ्हाड हलवावं लागे, हे फारसं सांगितलं जात नाही. त्या काळातल्या अनेक विमानांच्या शेपटीला चाकच नसे, नुसता लाकडी किंवा लोखंडी आकडा असे. तो गवतात घासत जाई आणि तोच ब्रेकचं काम करी. टायगर मॉथला तोच होता. डांबरी धावपट्ट्या आल्या तसे हे आकडे झिजून संपायला लागले आणि चाकाची गरज पडली. थोडक्यात, शेपटीखालची वस्तू नेहमी खालच्या जमिनीनेच बदलली आहे.

मामा: पंक्चरचं तुझं खरं. पण अठ्ठावीस किलोच्या भाराला हवा किती लागते? कमीच. जाड पाटीचा टायर घे, ट्यूबमध्ये पंक्चर बुजवणारं औषध भर, आणि धावायच्या आधी रोज अंगठ्याने दाबून बघ. काटा अंगठ्याला कळतो. भेग कळत नाही.

भाचा: आणि वजन? तुमचं आठ इंची चाक माझ्या चाकापेक्षा दोन किलो तरी जड. शेपटीचे दोन किलो म्हणजे साधे दोन किलो नाहीत. शेपटीचं चाक वजनाच्या मध्यापासून चार मीटर मागे. तोल राखायला एक मीटर पुढे बसवलेल्या वस्तूत आठ किलो घालावे लागतील. दोनला चार, आठला एक. आपल्या काट्यासारखंच. शेपटी जड झाली की विमान हवेतही उलाळ होतं, आणि हवेत उलाळ बंडी कुणी सावरू शकत नाही.

मामा: बॅटरी कुठे आहे तुझ्या नकाशात?

भाचा: सीटच्या मागे.

मामा: किती किलोची?

भाचा: सात.

मामा: ती उचल आणि इंजिनामागच्या भिंतीला लाव. किती पुढे सरकली?

भाचा (नकाशावर पट्टी ठेवून): पावणेदोन मीटर.

मामा: सात पावणेदोने सवा बारा. तुझे आठ त्यात बुडाले, वर चार शिल्लक.

भाच्याने पट्टी खाली ठेवली. हा हिशेब त्याने स्वतः करायला हवा होता हे त्याला कळलं. इतक्यात मामी चहा घेऊन आली. तिने मध्ये पडून विचारलं, एवढा वेळ कोणत्या चाकाचं चाललंय. भाच्याने हाताने दाखवलं, असं मोकळं फिरणारं, खुंटीवर गरगर.

मामी: दवाखान्यातल्या खाटेसारखं? गेल्या वर्षी यांना नेलं तेव्हा त्या खाटेचं एक चाक असं फडफड करत होतं, सगळी खाट हलत होती. रोग्याला वाटावं भूकंप झाला.

मामा: बघ. इतका वेळ मी जे सांगतोय ते हिने एका चहात सांगितलं.

ती फडफड म्हणजे विमानवाल्यांची जुनी डोकेदुखी. मोकळं चाक असो, साखळीचं असो, ते ज्या उभ्या खुंटीवर फिरतं, ज्याला मेकॅनिक किंगपिन म्हणतात, तिच्या कोनावर सगळं अवलंबून. खुंटी उभी हवी, किंवा तिचा माथा किंचित शेपटीकडे कललेला हवा. मग चाक मागून गुमान ओढलं जातं. पण खुंटी ज्या कमानपाट्याच्या टोकाला बसलेली असते तो पाटा वर्षा-दोन वर्षांत बसतो, सपाट होतो, आणि खुंटीचा माथा पुढे झुकतो. मग ठरावीक वेगाला चाक डावीकडे-उजवीकडे असं जोरात थडथडायला लागतं की पेडल पायाला लाथा मारतात, शेपटीचे रिवेट ढिले होतात. लोक चाक बदलतात, टायर बदलतात, स्प्रिंगा बदलतात. दोष पाट्याचा असतो.

मामा: ट्रॉलीचा कमानपाटा बसला की मी काय करतो?

भाचा: नवा टाकता. नाहीतर पाचर मारता.

मामा: तेच इथेही. पाट्याखाली पाचर मारली की खुंटी पुन्हा उभी. तू दोन तास चाकांचे प्रकार सांगतोयस, कुलपाचं, मोकळं, दांड्याचं. पाट्याचं नाव एकदाही घेतलं नाहीस.

भाचा: नकाशात पाटा दिलेला आहे.

मामा: नकाशात दुसऱ्या कुणाचं तरी विमान आहे. तुझं अजून तयार व्हायचंय.

यानंतर दोघं जरा वेळ अमोल यादवांकडे वळले, कारण घरी विमान बांधणाऱ्या मराठी माणसाच्या गप्पा त्यांच्याशिवाय पुऱ्या होत नाहीत. यादव स्वतः वैमानिक. त्यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपात राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी २०१७ मध्ये, उडण्याचा परवाना २०१९ मध्ये, आणि मग धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या. भाच्याला त्यातलं धाडस दिसतं. मामाला तारखा दिसतात. बांधून झाल्यापासून उडेपर्यंतची वर्षं तो बोटांवर मोजतो आणि म्हणतो की एवढ्या वर्षांत काळ्या मातीच्या धुळीत उभं असलेलं कोणतंही बेअरिंग गंजेल, म्हणून चाक असं घे की ज्याचं बेअरिंग आदिलाबादच्या दुकानात मिळेल. हा मुद्दा मला कोणत्याही पुस्तकात सापडला नव्हता, आणि तो बाकी साऱ्या मुद्द्यांहून भारी आहे असं माझं मत.

भाचा: शेवटचं विचारतो. मी कुलपाची जागा तरी ठेवू का? दोन भोकं पाडून ठेवतो. पुढे वाटलं तर बसवता येईल.

मामा: काहून? शेपटीला जास्तीचं भोक कशाला?

भाचा: आडव्या वाऱ्यात लांब डांबरी धावपट्टीवर मला ते हवं वाटेल कधीतरी.

मामा: शंभर तास शेपटीच्या चाकावर काढ. मग माझ्याकडे ये, मी स्वतः ड्रिल करतो.

भाचा: तोवर तुम्ही असाल का वर्कशॉपमध्ये?

मामा: तुझ्या वेगाने बांधलंस तर नसेन.

मामी हसली. भाच्याने पेन्सिल घेतली आणि नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलं: आठ इंची, हवेचं, साखळी-स्प्रिंगचं, खिट्टी सुटणारं. दर पंचवीस तासांनी ग्रीस. बॅटरी पुढे. त्याखाली ‘कुलूप’ असं लिहून त्यावर एक रेघ मारली, पण खोडरबराने ते पुसलं नाही.

पाट्याच्या कोनाची जागा कोरीच राहिली. विमान पुऱ्या वजनाने स्वतःच्या तीन चाकांवर उभं राहिल्याशिवाय तो मोजता येत नाही, आणि पंख अजून बांधायचे आहेत.